कप्पीवरची दोरी

विच्कोने उभा जन्म फेरीबोटीवरून दोर फेकण्यात घालवला. स्प्लिटच्या धक्क्यावरून सुटायचं, समोरच्या ब्राच बेटाला लागायचं, दोर खुंटाला अडकवायचा, माणसं उतरली की सोडायचा आणि परत फिरायचं. बोट धक्क्यापासून चांगली लांब असतानाच दोराचं वेटोळं त्याच्या हातून सुटे, ते थेट खुंटाच्या गळ्यात. एकदा तेवढं ते एका पाद्रीबुवांच्या टोपीवर पडलं आणि टोपी समुद्रात गेली. ती हकिगत आमच्या गल्लीत अजून चवीने सांगतात, आणि दरवेळी पाद्रीबुवा थोडे आणखी ओले होतात.

बोलण्याच्या बाबतीत मात्र विच्कोचा नेम कधीच लागला नाही. बोटीवर त्याला दिवसभरात एकच शब्द पुरायचा, ‘सांभाळा’. निवृत्त झाल्यावर तोही कुणाला म्हणायची सोय राहिली नाही.

त्याचं घर बादशहाच्या महालात. ऐकायला फार मोठं वाटतं. डायोक्लेशियन नावाच्या रोमन बादशहाने म्हातारपणी समुद्राकाठी निवांत बसायला हा महाल बांधला. तो गेला, त्याचं राज्य गेलं, आणि मग ज्याला जिथे जागा दिसली त्याने तिथे चूल मांडली. कुणाच्या पलंगाच्या उशाशी संगमरवरी खांब, कुणाचं न्हाणीघर कमानीच्या पोटात. विच्कोची दोन खोल्यांची जागा महालाच्या दक्षिण अंगाला, तळघरांच्या डोक्यावर, आणि खालची गल्ली अशी की छत्री उघडली तर दोन्ही भिंतींना लागावी.

त्या गल्लीपलीकडे, बरोबर समोरच्या खिडकीत, पेरिना.

दोन्ही खिडक्यांच्या चौकटीत एकेक लोखंडी कप्पी आणि त्यांच्यावरून फिरणारी एक अखंड दोरी. आमच्याकडे समोरासमोरच्या दोन घरांत अशी एक दोरी असते. इकडून ओढली की कपडे तिकडे सरकतात, तिकडून ओढली की इकडे. तिचा एक नेम आहे. तो कुणी घालून दिला माहीत नाही, पण मोडायची छाती कुणाची होत नाही. एका वेळी एकाच घराचे कपडे. आज तुमचे, उद्या त्यांचे. एका दोरीवर दोन्ही घरांचे कपडे दिसले, तर समजायचं की ती घरं आता दोन राहिली नाहीत. गल्लीतली लग्नं आधी दोरीवर दिसतात आणि मग चर्चमध्ये पुकारली जातात.

विच्कोची बायको लुत्से होती तेव्हा तिचं आणि पेरिनाचं या दोरीवरून रोज वाजायचं. ‘तुझ्या चादरींचं पाणी माझ्या कुंडीत’, ‘तुझ्या नवऱ्याच्या विजारींनी दोरीला झोळ आणलाय’. मग पेरिनाचा नवरा बारिशा गेला. दोन हिवाळ्यांनी लुत्से गेली. दोरी राहिली.

तेव्हापासून विच्को त्या दोरीची फार काळजी घेऊ लागला. झिजली की हाताने जोड विणायचा, गाठ कुठे ती शोधून सापडू नये असा. कप्पीला ऑलिव्हचं तेल घालायचा, सॅलडला घालतात तेच चांगलं. वरच्या मजल्यावरची झोर्का, जिला भिंतीआडचंही दिसतं, ती एकदा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “दोरीवर कुणी एवढी माया करतं का? दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा म्हणजे झालं.”

विच्कोने खिडकी लावून घेतली. तेल मात्र चालू राहिलं.

हे असंच आणखी किती वर्षं चाललं असतं सांगवत नाही. पण यंदा ऑक्टोबरात पेरिनाची मुलगी दोब्रिला ग्राझहून आली. सोबत तिचा ऑस्ट्रियन नवरा हेल्मुट आणि सासू ट्रूडबाई. ट्रूडबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी जिन्यातच विहिणीचे दोन्ही हात धरले आणि दोब्रिलाकरवी सांगितलं की या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे यायचंच. खोली गरम आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून बाग दिसते.

पेरिना म्हणाली, “बघू.”

आणि ‘बघू’ म्हणणारी माणसं जातात, हा गल्लीचा अनुभव. कोपऱ्यावरची येला अशीच एका हिवाळ्यापुरती मुलाकडे म्युनिकला गेली. आता तिच्या खिडकीतून रोज नव्या देशाची माणसं डोकावतात आणि कचरा कुठे टाकायचा म्हणून विचारतात.

दोन दिवसांनी पेरिनाने जुनी पेटी काढून खिडकीत वारा खायला ठेवली. समोर विच्को कॉफी पीत होता. कप तसाच हातात राहिला. पेरिना जाणार हे त्याला पेटीने सांगितलं. उद्या सकाळीच गाडी निघणार हे दोब्रिलाने, कारण ती मोठ्यानेच बोलत होती.

“आई, आजचा दिवस सासूबाईंना शहर दाखवूया. तू चल, सांग सगळं.”

“मी काय सांगू? मी इथे राहते, बघत नाही.”

“अगं, काहीतरी माहीत असेलच की.”

“मला मासळीबाजारात कोण ताजं देतं ते माहीत आहे.”

“मी दाखवतो,” विच्को समोरून म्हणाला.

वर झोर्काच्या हातून कपड्यांचा चिमटा निसटून टप्पकन गल्लीत पडला. दोन शब्दच, पण न विचारता बोललेले. आमच्या गावात विधुराने विधवेबरोबर किनाऱ्यावरून एक फेरी मारली तर संध्याकाळपर्यंत हॉटेलवाले मेजवानीचं काय म्हणून विचारतात. पण पाहुण्यांना शहर दाखवायला निघालेल्या माणसाला कोण काय म्हणणार? विच्कोने आत मोरीपाशी थोडा वेळ काहीतरी खडखड केली, मग फेरीबोटीचा पितळी बटणांचा जुना कोट चढवला आणि खाली उतरला.

जुगो सुटला होता. हा आमचा दक्षिणेचा वारा, ओला आणि कोमट. तो आला की समुद्र फुगून धक्क्यावर चढतो, भिंतींच्या दगडांना घाम फुटतो, आणि उजेड असा पसरतो की कुठून येतोय ते कळत नाही. माणसं झोपेत चालल्यासारखी चालतात. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी घर विकत नाही, कुणी साखरपुडा करत नाही. जुगोत बोललेलं धरायचं नाही, असा रिवाज आहे. नवराबायकोची भांडणंसुद्धा दुसऱ्या दिवशी ‘जुगो होता’ एवढ्यावर मिटतात.

विच्कोला हे माहीत नव्हतं थोडंच. पण गाडी उद्या निघणार होती.

चौकात काळ्या दगडाची स्फिंक्स बसली आहे, बाईचं तोंड आणि सिंहाचं अंग. दमट हवेत ती नुकतीच न्हाऊन आल्यासारखी चकाकत होती. ट्रूडबाई तिच्यापुढे थांबल्या.

“ही कोण, विच्कोकाका?” दोब्रिलाने विचारलं.

“इजिप्तची.”

“मग इथे कशी?”

“बादशहाने बोलावलं.” विच्कोने जरा विचार केला. “हिवाळ्यापुरती म्हणूनच आली असेल.”

पेरिनाने त्याच्याकडे पाहिलं. तो स्फिंक्सकडे बघत होता.

हेल्मुटने पुस्तक उघडलं होतं. “इथे तिचं वय दिलं आहे,” तो त्याच्या जपून जुळवलेल्या वाक्यांत म्हणाला.

“बाईचं वय पुस्तकात छापलं?” पेरिना म्हणाली. “आणि ती गप्प बसली?”

पुढे ट्रूडबाईंना बादशहा कुठे झोपायचा ते बघायचं होतं. विच्कोला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने वर पाहिलं आणि खात्रीने बोट केलं. “तिथे. त्या गुलाबी चादरी दिसतायत ना, त्यांच्या मागे.”

“जुगोत चादरी कोण वाळत घालतं?” पेरिनाला बादशहाचं काही नव्हतं. “नवीन भाडेकरीण असणार.”

मग ती छत नसलेली गोल खोली आली. पूर्वी तिला घुमट होता, आता त्या जागी आभाळाचा एक गोल तुकडा आहे. खाली पाचसहा पुरुष खांद्याला खांदा लावून गात होते, वाद्यांशिवाय, डोळे मिटून. आवाज भिंतीवरून चढत वर जायचा आणि त्या पांढऱ्या गोलातून बाहेर पडताना क्षणभर अडखळायचा. एक कबुतर त्या भोकाच्या कडेवर बसून खाली बघत होतं. ट्रूडबाईंनी विहिणीचा हात धरला. गाणं संपलं तरी कुणी हललं नाही. विच्कोला वाटलं, इथेच सांगावं. पण गाणाऱ्यांतला जाडा माणूस फेरीबोटीवरचा जुना तिकीटवाला होता आणि तो विच्कोकडे बघून भुवया उडवत होता.

पुढची बोळ इतकी चिंचोळी की तिचं नावच ‘मला जाऊ दे’. आमच्या तरुणपणी पोरं मुद्दाम समोरून यायची, पोरगी मध्यावर आली की आडवी उभी राहायची, आणि तिला ते शब्द म्हणावे लागायचे. किती वेळा म्हणते आणि कशा आवाजात म्हणते, त्यावर पुढचं ठरायचं. विच्को त्या काळात तिथे बराच उभा असायचा. पेरिना आली की भिंतीला पाठ लावायचा, श्वास आत ओढायचा आणि तिला जाऊ द्यायचा. तिथेच त्याचं चुकलं. बारिशाने जाऊ दिलं नाही.

आज एकामागे एक असे सगळे त्या बोळीत शिरले. दोब्रिला, हेल्मुट, ट्रूडबाई पुढे. मागे पेरिना, तिच्या मागे विच्को. भिंतींवरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

“आठवतं का रे?” पेरिना मागे न बघता म्हणाली. “तू नेहमी जाऊ द्यायचास.”

“हो.”

“फारच सभ्य होतास बाबा.”

यावर काय म्हणायचं ते विच्कोला चांगलं माहीत होतं. शब्द जिभेवर आले होते. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “सांभाळ, दगड निसरडा आहे.”

पेरिनाच्या खांद्यांवरून ती हसली असावी असं वाटलं. त्याला नीट दिसलं नाही.

दुपार झाली. आमच्याकडे दुपारी एक अवस्था येते, तिला आम्ही फ्याका म्हणतो. झोप नव्हे, आळस तर मुळीच नव्हे. माणसाला काहीच नको असतं, आणि ते काहीच नसणं फार गोड लागतं. जुगोतली फ्याका दुप्पट. ट्रूडबाईंची पावलं जड झाली, हेल्मुटने पुस्तक खिशात घातलं. विच्को म्हणाला, “तळघरात जाऊ. गार असतं.”

त्याचा आवाज जरा वेगळा लागला. पेरिनाच्या ते ध्यानात आलं.

महालाच्या खाली बादशहाची तळघरं आहेत, वरच्या दालनांएवढीच मोठी. पूर्वी ती कुणाला माहीत नव्हती, कारण ती भरलेली होती. आणि ती भरली होती आम्ही. वरच्या घरांच्या जमिनीत भोकं होती, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी खरकटं, राख, फुटके माठ, माशांची डोकी खाली लोटली. खाली काय आहे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पुढे सरकारने ते सगळं उपसलं तेव्हा खाली दालनंच्या दालनं निघाली, आणि शहाणी माणसं म्हणाली की बरं झालं तुम्ही कचरा टाकलात, त्यानेच छतं तगली. आमच्या गल्लीला एवढं एकच कौतुक आजवर वाट्याला आलं आहे.

आत अर्धवट अंधार होता. ओल्या दगडाचा वास, कुठेतरी ठिबकणारं पाणी. विच्को एका मोठ्या दालनापाशी थांबला. तिथे ट्रूडबाईंना छतातून लोंबणारा एक दोर दिसला. जाड, मेणचटलेला, खाली सुबक गाठ मारलेला.

“हा त्या काळातला का?” दोब्रिलाने सासूबाईंचा प्रश्न पुढे केला.

“नाही,” विच्को म्हणाला. “माझा.”

हेल्मुटने पुस्तक परत काढलं, चाळलं आणि ठेवून दिलं. भिंतीलगत दगडी ओटा होता. ट्रूडबाई त्यावर टेकल्या, त्यांच्याशेजारी दोब्रिला, तिच्या खांद्यावर हेल्मुटचं डोकं. फ्याकेने तिघांना एकदमच घेतलं.

पेरिना उभी राहिली होती. “विच्को, हा काय चावटपणा?”

“माझ्या मोरीखालची फरशी उचलली सकाळी. तिथलं भोक हे.” त्याने दोराला हात लावला. वर कुठेतरी त्याच्या स्वयंपाकघरात बादली हलल्याचा आवाज झाला. “म्हटलं, म्हणजे माझं कोणतं ते ओळखू येईल.”

“कुणाला?”

“तुला. आता तिकडे वर बघ.”

दोरापासून चारदोन पावलांवर छतात दुसरं भोक होतं. ते फळीने बंद होतं, आणि फळी निळी होती. तो निळा रंग पेरिनाच्या ओळखीचा होता. बारिशाने होडी रंगवून उरलेला रंग तिला लावला होता आणि तीन दिवस घरात वास होता. गेली कित्येक वर्षं ती त्या फळीवर उभी राहून भांडी घासत आली होती. खालून तिने ती पहिल्यांदाच पाहिली.

“ही माझी,” ती हळूच म्हणाली.

“वर गल्ली आहे,” विच्को म्हणाला. “खाली नाही. खाली मध्ये काहीच नाही. एकच खोली आहे ही, पेरिना. तू टाकायचीस ते आणि मी टाकायचो ते, एकाच ढिगावर पडायचं.”

आयुष्यात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. त्याला धाप लागली. पाणी ठिबकत राहिलं. अंधारात पितळी बटणं तेवढी दिसत होती.

“लुत्सेशी मी दोरीवरून एवढी भांडायचे,” पेरिना म्हणाली, “आणि खाली आमची अंड्यांची टरफलं एकत्र.”

“जाऊ नकोस.”

ती वरच्या निळ्या फळीकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या कोटाचं सुटलेलं एक बटण लावलं, सावकाश, लहान मुलाचं लावावं तसं.

“आज जुगो आहे, विच्को.”

“माहीत आहे.”

“जुगोतलं धरत नाहीत.”

“माहीत आहे ते. पण उद्या तू जाणार.”

“मग सकाळपर्यंत वारा फिरू दे,” ती म्हणाली. “फिरला तर पुन्हा म्हण. नाही फिरला तर मी ग्राझला बाग बघत बसेन.”

ओट्यावर ट्रूडबाईंनी झोपेतच मान हलवली.

त्या रात्री विच्कोने मोरीखालचा दोर ओढून घेतला, फरशी बसवली आणि पडून राहिला. समुद्र भिंतीशी येऊन गुरगुरत होता. पहाटे केव्हातरी त्याला वाटलं की बोट धक्क्याला लागली आणि कुणीतरी त्याला दोर फेक म्हणतंय. डोळे उघडले तर झडप आपटत होती. हवा कोरडी, थंड, काचेसारखी. उत्तरेचा वारा.

तो उठून खिडकीशी आला आणि पाहतो तो काय, गल्ली आधीच जागी. ओल्या वाऱ्यात घरोघरी साठलेले कपडे सगळ्यांनी एकदमच काढले होते. खिडकीगणिक एक टोपली, एक बाई, तोंडात चिमटे. गल्लीवर निळं आभाळ आणि त्याखाली चादरींची शिडं फडफडत होती. एवढी माणसं एका वेळी खिडक्यांत एरवी फक्त मिरवणुकीला येतात.

समोर पेरिना. तिचा दोरीचा दिवस होता. ती टोपलीतून एकेक कपडा काढून लावत होती, त्याच्याकडे न बघता. तिच्या मागे पेटी बांधून तयार होती. खाली दाराशी हेल्मुट पिशव्या घेऊन उभा.

विच्कोने खिडकीची चौकट धरली.

“पेरिना, जाऊ नकोस.”

“काय?” ती म्हणाली. “वाऱ्यात ऐकू येत नाही.”

“जाऊ नकोस म्हणतो.”

“कुणाला म्हणतोस?”

वरून झोर्काने तोंडातले चिमटे काढले. “आम्हाला सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं हो, पेरिना.”

“तुला विचारलं नाही मी,” पेरिना वर न बघता म्हणाली. “तुझ्या कानावर माझा विश्वास आहे. मला त्याचं तोंड बघायचंय.”

चादरी तेवढ्या वाजत होत्या. विच्कोने श्वास आत ओढला, अगदी त्या बोळीत ओढायचा तसा. पण या वेळी तो भिंतीला टेकला नाही.

“काल म्हणालो तेच आज म्हणतो. वारा फिरलाय. माझ्याजवळ राहा.”

शब्द पलीकडे गेले आणि बरोबर जागी पडले. ते दिसलं, कारण पेरिनाच्या हातातला चिमटा थांबला.

पेरिनाच्या मागे उभ्या ट्रूडबाईंनी दोब्रिलाला कोपराने ढोसून विचारलं. दोब्रिलाने त्यांना सांगितलं, अर्धं सांगून झाल्यावर स्वतःच गडबडली आणि म्हणाली, “आई, अगं, तिकडे खोली तयार केलीय तुझी.”

“येईन की. नाताळानंतर आठ दिवस. दोघं येऊ.”

ट्रूडबाई पेटीपाशी गेल्या, तिचा पट्टा सोडला आणि आतल्या घड्या एकेक करून पलंगावर ठेवू लागल्या. विहीण असावी तर अशी, असं झोर्काने दिवसभर ज्याला त्याला सांगितलं.

पेरिनाने शेवटचा कपडा लावला. टोपलीत अजून कपडे होते, पण ती थांबली. दोरी मध्यापर्यंतच भरली होती. मग तिने दोरीला एक हलका हिसका दिला, कप्प्या तेलकट आवाजात जराशा फिरल्या, आणि विच्कोच्या खिडकीशी दोरीचा रिकामा अर्धा भाग हलला.

“आता उभा काय राहिलास?” ती म्हणाली. “अर्धी मोकळी ठेवलीय. आण तुझे शर्ट.”

विच्कोने मागे वळून पाहिलं. “ओले नाहीत,” तो म्हणाला. “सगळे धुतलेले आहेत. इस्त्री करून ठेवलेत.”

“मग भिजव,” पेरिना म्हणाली.

आणि त्याने भिजवले.